नव्या तांदळाची भाकर

खारवाडी, चौलजवळ
२१ सप्टेंबर १९३२

चिरंजीव सदा यास,

बापाचा आशीर्वाद आणि घरातल्या सगळ्यांचा सलाम पोचावा.

तुझा खोकला कसा आहे? गोदीत लोखंडाची धूळ उडते तेव्हा तोंडाला फडकं बांध म्हणून आईनं बजावलं होतं, ते बांधतोस की खिशात ठेवतोस? तुझ्या खोलीतला तो मुरुडचा नजमुद्दीन, त्याचा भाजलेला पाय बरा झाला का? खानावळवाल्या बाईचा ताप उतरला का? इकडे तुझ्या आईचे गुडघे पावसानं धरले आहेत, पण जीभ शाबूत आहे. मनूला गोवर येऊन गेला. आता अंगणभर कोंबड्यांमागं पळते. माझा एक दात हलतो, बाकी देवाची कृपा. राहीही बरी आहे.

राही बरी आहे असं लिहिलं आणि लेखणी थांबली. लिहावं की न लिहावं असं दोन दिवस चाललं आहे. तिचा नवरा तू. आज ना उद्या कुणी तुझ्या कानावर घालणारच, तर ते बापानं घातलेलं बरं.

परवा सकाळी खारीत गेलो होतो. बांधातल्या उघाडीची, पाणी सोडायच्या दाराची, फळी नीट बसली आहे ना, भरतीचं पाणी भातात शिरत नाही ना, ते बघायला. आपलं कोपऱ्याचं खाचर ठाऊक आहे तुला, बांधाला लागून, जिथं गावाच्या राखणदाराचा शेंदऱ्या दगड आहे. तिथलं भात सगळ्यांच्या आधी पिकतं. तिथं आळीतल्या चार बाया उभ्या होत्या, आपली शेजारीण ठमाबाई पुढं, आणि त्यांच्यात आपली राही. हातात विळा. तिनं लोंब्या कापल्या. मी मोजल्या, पाच. मग तिचे ओठ हलू लागले. वारा उलटा होता, शब्द एकही आला नाही. तिचं तोंड नेमकं माझ्याकडं होतं, म्हणून मी बांधाआड खाली बसलो. साठी उलटलेल्या माणसानं सुनेवर पाळत ठेवणं बरं दिसत नाही. खाली बसलं म्हणजे दिसतच नाही.

घरी आलो तर लोंब्या आंब्याच्या पानांत गुंडाळून दाराला बांधलेल्या. तेही आतल्या बाजूनं. आतल्या बाजूनं का? लपवायचं असल्याशिवाय कोण आतून बांधतं?

मी विचारलं, "राही, हे काय गो?"

"लोंब्या हायत, मामा."

"ते दिसतंय. वर कशाला टांगल्यास?"

"खाली ठेवल्या तर उंदीर खातील."

"आणि पाचच का?"

"हाताला बोटं पाचच हायत, मामा. सहावं असतं तर सहा आणल्या असत्या."

तुझी आई चुलीपाशी फिदीफिदी हसली. म्हणाली, "अवो, पोरीनं दाराला दोन लोंब्या बांधल्या तर तुमी चौकीच बसवली की!" मी म्हटलं दोन नव्हे, पाच. त्यावर ती आणखी हसली.

मला हसू येत नाही, सदा. आपल्या घरानं बाप्तिस्मा घेतला त्याला एकवीस वर्षं झाली. तेव्हापासून दाराला नवं बांधणं, नव्या भाताचा पहिला घास बांधावर ठेवणं, सगळं या हातानं बंद केलं. राहीची आई गोदूबाई प्रभूकडं आली तेव्हा राही दहा वर्षांची होती. दहा वर्षं गौरीपुढं फेर धरलेली पोर. ते अंगातून सगळं जातं का? तिला विचारलं की उत्तर तयार असतं, आणि तयार उत्तराची मला भीती वाटते. विहिरीवर ती आणि ठमाबाई काहीतरी बोलत असतात. मी गेलो की दोघी गप्प. गेल्या आठवड्यात तीनदा.

मी मंडळीचा वडील. पडवीत आयतवारी सात घरं प्रार्थनेला बसतात, त्यांच्यापुढं उभा राहतो मी. उद्या गाव म्हणेल, धर्माजीच्या घरात दोन देव नांदतात, एक पडवीत आणि एक दारामागं. पाळकसाहेबांना अजून बोललो नाही. तू पत्रातून तिला विचार, पण मी लिहिलं असं कळू देऊ नकोस. आणि उत्तर बंद पाकिटातून धाड. कार्ड धाडलंस तर टपालवाला वाचतो, आणि वाटेत चार जणांना वाचून दाखवतो.

तुझा बाप,
धर्माजी


खारवाडी
१८ ऑक्टोबर १९३२

चिरंजीव सदा यास आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. खोकला कमी आहे हे वाचून बरं वाटलं. आईचे गुडघे आता ऊन पडल्यावर सुटतील. माझा दात अजून तसाच.

राही मनूला घेऊन बोर्लीला आईकडं गेली आहे, हे तुला तिच्याकडून कळलंच आहे. गेल्या मंगळवारी गेली. काळजीचं कारण नाही. गोवरानंतर पोरीला हवापालट हवाच होता. रेवदंड्याच्या तरीवरून पलीकडं, मुरुडपर्यंत बैलगाडी, मग राजपुरीहून दिघीची तर. हबसाणातला, नबाबाच्या मुलखातला रस्ता तुला ठाऊक आहे, पोर कडेवर घेऊन लांब पडतो. मी पोचवायला जाणार होतो, पण दात ठणकत होता.

९ तारखेला पाळकसाहेब आले होते. प्रभुभोजनाचा आयतवार. पाव दर वेळी मी रेवदंड्याहून आणतो. या खेपेला पाऊस लांबला आणि दमट हवेनं पावाला बुरशी आली. ताटावरचं फडकं काढलं तेव्हा कळलं. पाळकसाहेब म्हणाले, घरात काय असेल ते आणा, प्रभूला चालतं. तुझी आई उठून आत गेली आणि भाकर घेऊन आली. राहीनं सकाळीच केली होती, कोपऱ्यातल्या आधी पिकलेल्या नव्या तांदळाची. पाळकसाहेब म्हणाले, उत्तम.

मग कुणीतरी शंका काढली. शंका एवढीच, की हा तांदूळ आधी कुठं दाखवून झाला आहे का. मूर्तीपुढचं अन्न प्रभूच्या ताटात येऊ नये हे शास्त्राला धरूनच आहे, यात शंका काढणाऱ्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही. राही काहीतरी बोलली, मला नीट ऐकू आलं नाही. प्रभुभोजन तसंच राहिलं. पाळकसाहेब चहा न घेता गेले. त्यांच्या मनात माझ्याविषयी काय आहे कळत नाही. दारात त्यांनी मंडळीतल्या रामचंद्राच्या खांद्यावर हात ठेवला, माझ्या ठेवला नाही. रामचंद्राच्या का ठेवला?

तुझी आई माझ्याशी बोलत नाही. ताटात भाकर वाढते आणि म्हणते, "बघा, हिच्यावर पण हात आडवा धरायचाय का?" काय बोलते कोण जाणे. बायकांचं एकदा बिनसलं की सगळ्या एक होतात. ठमाबाईसुद्धा कुंपणापलीकडून बघते. मी बघितलं की कोंबड्या हाकलते. तिला कोंबड्या नाहीत.

तू पत्रात विचारलंस, आणायला जाऊ का. एवढ्यात जाऊ नकोस. बांधावर काय केलं ते मंडळीपुढं उभं राहून तिनं सांगावं, मग यावं. तोवर बोर्लीत राहू दे. तूही तिला तसंच लिही, चार शब्द कडक लिही. मूर्तीपुढचं अन्न खाल्लेला माणूस प्रभूच्या ताटाशी कसा बसतो, काय होतं त्याच्या मनाचं, ते मला विचार. नको. विचारू नकोस.

कापणी तोंडावर आली. घरात दोन हात कमी आहेत.

धर्माजी


खारवाडी
४ डिसेंबर १९३२, आयतवार

सौभाग्यवती राही हिस,

सासऱ्याचा सलाम.

गोदूबाईंचा दमा थंडीत वाढतो, यंदा कसा आहे? गवती चहा देतेस का? तुझ्या भावाचा, बाळाजीचा, हात माडावरून पडून दुखावला होता, तो आता वर जातो का? मनू नीट जेवते का? तिला इथल्या कोंबड्या आठवतात का? ती तांबडी बसली आहे, अकरा अंड्यांवर. आणि तू? तू कशी आहेस, हे विचारायला मला सगळ्यांत शेवटी धीर आला.

पाकिटावर मुद्दाम गोदूबाईंचं नाव घातलं आहे. माझं अक्षर बघून तू चुलीत घातलं असतंस. घातलंस तरी तुझी चूक म्हणणार नाही, पण आधी वाच.

सदाकडून तुला जे कडू पत्र आलं, त्यातला शब्द न् शब्द माझा होता. हात तेवढा त्याचा. आज त्यालाही दुसरं पत्र धाडलं आहे आणि खरं काय झालं ते लिहिलं आहे. पहिल्यांदा लिहिलं तेव्हा "कुणीतरी शंका काढली" असं लिहिलं होतं. कुणीतरी! सात घरांच्या देखत ताटावर हात आडवा धरून उभा राहिलो तो मी, आणि "ही भाकर देवाची की दगडाची ते आधी कळू द्या" असं ओरडलो तोही मीच. तू काय बोललीस ते ऐकू आलं नाही असंही त्याला लिहिलं. ऐकू आलं होतं. तू म्हणालीस, "मामा, ही तुमच्याच शेताची हाय." मग मनूला उचललंस आणि आत गेलीस.

आता पुढचं सांगतो. भात झोडून झालं त्या दिवशी मी खळ्यावर एकटाच होतो. ठमाबाई आली. कमरेवर हात. म्हणाली, "धर्माजी, सुनेला आणायचीच असली तर आणा, पर तिला सांगा, आमच्या राखणदाराच्या कोपऱ्यात पाय ठेवू नको."

मी म्हटलं, "का गो? तुमच्यातच तर आली होती ती."

"आमच्यात? डोंबलाचं! आमी सगळ्या राखणदाराला तोंड करून उभ्या, न् ही बया पाठ करून. पाठ! खाडीकडं बघते न् तुमची ती आयतवारची प्रार्थना म्हणते, भाकरीची. पहिली लोंबी आमच्या रीतीनं कापली, न् नाव घेतलं तुमच्या त्या आकाशातल्या बापाचं. मी म्हटलं, राही, मान तरी लवव. तर मलाच म्हणते, मावशी, दाण्यात दूध ज्यानं भरलं त्याला लवून झालं, आता आणखी कुणाला लवू?"

मी म्हटलं, "मग विहिरीवर रोज गुजगोष्टी कसल्या चालायच्या?"

"गुजगोष्टी? भांडत व्हतो आमी! तुमी आलात की ती गप्प व्हायची, म्हणायची, मामांच्या कानावर नको, त्यांना उगाच घोर लागंल."

राही, मी त्या बांधाआड बसलो होतो. तुझं तोंड माझ्याकडं होतं. तोंड माझ्याकडं म्हणजे पाठ दगडाकडं, एवढं एखाद्या पोरालाही कळलं असतं. डोळ्यांनी बघत होतो तरी मला कळलं नाही. गावाच्या बाया म्हणत होत्या ही आमची रीत बाटवते, आणि मी म्हणत होतो ही आमचं घर बाटवते. दोन्हीकडून तुझ्यावर पाळत, आणि मधल्या मधे तू पाच लोंब्यांसाठी देवाचे आभार मानत उभी.

तरी माझा स्वभाव बघ. ठमाबाई गेल्यावर मनात आलं, राहीनंच तिला हे सांगायला पढवलं नसेल ना? खरंच आलं. तुझ्यापासून लपवत नाही. मग आठवलं, ठमाबाई तुझ्यावर चिडलेली आहे. चिडलेलं माणूस पढवलेलं बोलत नाही. इतक्या खालच्या पायरीवरून मला वर यावं लागलं.

आता जे लिहितो ते तुझ्या सासूला, सोनूलाही, गेल्या आयतवारपर्यंत ठाऊक नव्हतं.

बाप्तिस्म्यानंतर सहाव्या वर्षी बांधाला मोठी खांड पडली. नेमकी आपल्या कोपऱ्यात. खारं पाणी साऱ्या गावाच्या भातात शिरलं. दोन दिवस सगळा गाव चिखलाची ढेकळं हातोहात देत होता आणि पाणी ती गिळत होतं. लोक माझ्या तोंडावर बोलले नाहीत, पाठीमागं बोलले, की ख्रिस्ती झालेल्याच्याच कोपऱ्यात फुटला, राखणदार रुसला. तिसऱ्या दिवशी दुपारी मी घरी आलो, माळ्यावरचा नारळ काढला आणि त्या दगडापुढं फोडला. कुणी हात धरून नेलं नाही. ओहोटी लागली, खांड बुजली. ओहोटीनं बुजली की नारळानं, हे ठरवायला नको म्हणून मी ते विसरायचं ठरवलं. खोबऱ्याचा तुकडा मी खाल्लाही होता. आणि पुढच्या आयतवारी त्याच तोंडानं प्रभूच्या ताटातला पाव घेतला. नंतर मला मंडळीनं वडील केलं.

पंधरा वर्षं दर वेळी ताट पुढं आलं की घशाशी तेच खोबरं येतं. म्हणून तुला लोंब्या हातात घेऊन उभी पाहिली तेव्हा मी ओळखलं ते स्वतःला, आणि पकडलं तुला. तू रीत गावाची घेतलीस आणि मन प्रभूला दिलंस. मी रीत प्रभूची घेतली, आणि मन अजून त्या दगडापाशी थरथरत उभं होतं.

तू गेल्यावर मी पुष्कळ विचार केला. शाळा मला नाही, नोटिसा आणि पुडीचे कागद वाचून शिकलेला मी. चुकत असलो तर सांग. पाव आपल्या गावात कुणी पेरत नाही. तो रेवदंड्याहून येतो, फडक्यात गुंडाळून. त्यासाठी मी कधी चिखलात उतरलो नाही, त्याच्या पिठासाठी कधी आभाळाकडं बघितलं नाही. या खारीतलं भात मात्र आपण समुद्राच्या तोंडातून काढतो. आपल्याकडं देवाचे आभार मानायचे तर ते तिथंच, त्या कोपऱ्यात, गुडघाभर चिखलात मानायला हवेत, हे तुला सुचलं. मला एकवीस वर्षांत सुचलं नाही. मी आभार पडवीत मानत होतो आणि शेतात नुसता घाबरत होतो.

गेल्या आयतवारी पाळकसाहेब मुद्दाम बोलावल्यावरून आले. मी सात घरांपुढं नारळाचं सगळं सांगितलं. भाकरीचंही सांगितलं. मग म्हातारा बाबाजी खोकला आणि म्हणाला, "धर्माजी, त्या साली मी पण एक फोडला व्हता." रामचंद्र म्हणाला, त्यानं दोन. सोनू एवढी हसली की डोळ्यांना पदर लावला, आणि मग कळलं की ती रडते आहे. पाळकसाहेब आधी हसले नाहीत, मग त्यांनाही आवरलं नाही. वडीलकीतून मला मोकळं केलं आहे. मागणं माझंच होतं, पण त्यांनी नाही म्हणावं असं आतून वाटत होतं, तेही सांगून टाकतो.

जानेवारीच्या पहिल्या तारखेला आयतवार आहे. पाळकसाहेब प्रभुभोजनाला येणार. मी विचारलं, पाव रेवदंड्याहून आणू का? म्हणाले, "पावाची काळजी सोडा, माणसाची करा."

राही, मी तुला ये म्हणत नाही. ज्यानं उठवलं त्यानंच बस म्हणायचं, हे तुला जड जाईल. सोनू मात्र म्हणते, तिला सांगा, सासूनं बोलावलंय, सासऱ्याचं सोडून दे. सदा नाताळला आगबोटीनं येईल, तो थेट बोर्लीला येऊन आधी तुझ्याशी बोलेल. मीही त्याच्या पाठोपाठ येईन. बाजारात बसेन. तुझ्या दाराशी तू निरोप धाडल्याशिवाय येणार नाही. निरोप आला नाही तर मनूला लांबून बघून परत जाईन.

कोपऱ्याच्या खाचरातलं भात मी वेगळं झोडून वेगळं ठेवलं आहे, दुसऱ्यात मिसळू दिलं नाही. त्यातले तांदूळ उखळात सडून पायलीभर घेऊन येतो. ते तुझे आहेत. त्यांची भाकर कर, पेज कर, नाहीतर गोदूबाईंच्या कोंबड्यांना टाक. पहिला घास कुठं ठेवलास, कुणाचं नाव घेतलंस, किती लोंब्या बांधल्यास, मी विचारणार नाही. मला ते जमेल की नाही याची मला शंका आहे, पण तुझ्यापुढं लिहून ठेवतो, म्हणजे तू धरू शकशील.

तुझ्या अक्षरात दोन ओळी तरी हव्यात. रागाच्या असल्या तरी चालतील, कार्डावर असल्या तरी चालतील. टपालवाल्यानं साऱ्या आळीला वाचून दाखवल्या तरी मी दारात उभा राहून ऐकेन. पण लवकर लिही.

तुझ्या भाकरीवर हात आडवा धरणारा,
धर्माजी